लेख कोणाचा, परवानगी कोणाची?

गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या पहिल्याच दिवशी, वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. आपल्या संस्थेच्या एका कालकथित ज्येष्ठ उपासकांची कन्या पायरीपाशी थांबली होती. तिने मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, "काका, हे जरा वाचा." पहिल्या दोन ओळींतच आम्हाला ओळख पटली. तिच्या वडिलांनी १९९४ च्या स्मरणिकेत दीक्षेच्या प्रवासाची आठवण लिहिली होती. १९५६ च्या ऑक्टोबरात भाकरीचे गाठोडे बांधून ते नागपूरला कसे गेले, पांढरी वस्त्रे कोठून जमवली, गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती, असा तो लेख. आता तोच लेख कोणा अनोळखी गृहस्थाच्या नावाने गावोगाव फिरत होता. त्यातला एक परिच्छेदही गायब होता. तिकिटाच्या पैशासाठी तिच्या आईने चांदीचे गोठ गहाण ठेवले आणि ते पुढे कधीच सुटले नाहीत, असा तो परिच्छेद. ती म्हणाली, "बाबांचं नाव गेलं ते गेलं, काका. आईचे गोठ कुणी काढले?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण लेख चोरणारा कोणीही असो, तो त्याच्या हाती लागला आमच्यामुळे. त्याच्या दोन वर्षे आधी कार्यकारिणीने ठराव करून जुन्या स्मरणिका स्कॅन केल्या आणि इंटरनेटवर ठेवल्या. कागद पिवळे पडून तुटू लागले होते, दोन अंकांना वाळवी लागली होती, म्हणून उद्देश चांगलाच होता. पण एकाही लेखकाला किंवा त्याच्या वारसाला आम्ही विचारले नाही. हा मजकूर कोणी घ्यावा, कसा घ्यावा, नाव द्यावे की नाही, यासंबंधी एक ओळसुद्धा छापली नाही. सदर काम आमच्याकडे होते, म्हणून चूक आमची असे आम्ही त्याच दिवशी कबूल केले. तथापि नुसत्या कबुलीने भागत नाही, म्हणून या विषयाची जी काही माहिती आम्ही करून घेतली ती वाचक बंधुभगिनींसमोर ठेवत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, लेख लिहिला त्या क्षणीच त्याचा कॉपीराईट लिहिणाऱ्याचा होतो. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, गोलात इंग्रजी सी काढावा लागत नाही की 'सर्व हक्क स्वाधीन' असे छापावे लागत नाही. आपला कायदा १९५७ चा आहे. आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो की स्मरणिका संस्थेने काढली, छपाईचा खर्च संस्थेने केला, तेव्हा लेखही संस्थेचे. तसे नाही. लेखक हा संस्थेचा पगारी नोकर नसेल आणि त्याने लेखी हक्क दिला नसेल, तर तो हक्क त्याच्याकडेच राहतो. स्मरणिकेसाठी लेख दिला याचा अर्थ स्मरणिकेत छापण्याची मुभा दिली, एवढाच. लेखी हक्क दिला तरी त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. २०१२ च्या दुरुस्तीने यात आणखी एक कलम घातले. करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर तो हक्क त्या माध्यमाला लागू होत नाही. १९९४ साली आमच्यापैकी कोणी इंटरनेट पाहिले होते?

हा हक्क किती काळ चालतो? लेखकाच्या हयातीत, आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत होता. त्या सुमारास कायद्यात बदल होऊन ५० ची ६० झाली. मुदत संपली की ते लेखन सर्वांचे होते. कोणीही छापावे, कोणीही भाषांतर करावे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा हिशेब पाहू. प.पू. डॉ. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचा हक्क २०१६ अखेर संपला आणि १ जानेवारी २०१७ पासून ते ग्रंथ मुक्त झाले. पण 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथाची ६० वर्षे प्रकाशनाच्या सालापासून मोजतात, म्हणून तो मुक्त झाला १ जानेवारी २०१८ ला. 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ तर १९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या चौथ्या खंडात प्रथम छापला गेला. कायद्याच्या शब्दाप्रमाणे त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. एकाच महामानवाचे लेखन आणि तीन वेगवेगळ्या तारखा! बँकेत मुदत ठेवींच्या तारखा सांभाळण्यात आमचे आयुष्य गेले आहे, तरी हे गणित आम्हाला दोनदा मांडावे लागले.

भाषांतराचा हक्क पुन्हा वेगळा असतो. मूळ इंग्रजी ग्रंथ मुक्त झाला म्हणून त्याचे हिंदी किंवा मराठी भाषांतर आपोआप मुक्त होत नाही. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'चे हिंदी भाषांतर केले, ते १९८८ साली गेले. त्यांच्या भाषांतराचा हिशेब त्या सालापासून करावा लागेल. उलट आपल्या धर्मानंद कोसंबींचे निधन १९४७ साली झाले, म्हणून 'भगवान बुद्ध' हा त्यांचा मराठी ग्रंथ २००८ पासून सर्वांचा आहे. तो कोणत्याही मंडळाने निःशंकपणे छापावा. फक्त नव्या आवृत्तीला कोणाची प्रस्तावना किंवा टिपा असतील तर त्या सोडून. गीतांच्या बाबतीत आपण फारच बेफिकीर असतो. लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ पर्यंत चालणार आहे. ध्वनिमुद्रिकेचा हक्क आणि गाणाऱ्याचा हक्क हे आणखी निराळे. जयंतीच्या मंडपात गाणे लागते तेव्हा ते कोणी रचले हे निवेदकाला पुष्कळदा ठाऊकही नसते.

ही माहिती आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली तेव्हा सभा चांगलीच तापली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "असं असेल तर सगळं काढून टाका आणि पहिल्या पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' छापा." दुसरे म्हणाले, "अहो, हे धम्मदान आहे. दानात हक्क कसला आला?" दोघांचेही म्हणणे आम्हाला अर्धेच पटले. काढून टाकायचे तर वाळवीला काय उत्तर द्यायचे? आणि दानाचे म्हणाल तर आपण दररोज पंचशील ग्रहण करतो, त्यातले दुसरे शील न दिलेले घेण्यापासून अलिप्त राहण्याचे आहे. जी वस्तू आपल्याला कोणी दिलेली नाही, ती आपण तिसऱ्याला दान कशी करणार? दान करायचे तर मालकाने केले पाहिजे, आणि त्याने ते केले आहे हे घेणाऱ्याला कळले पाहिजे.

बौद्ध परंपरेत ही गोष्ट मुळीच नवी नाही. ज्यावर छपाईची तारीख आहे असा जगातला सर्वांत जुना अखंड छापील ग्रंथ इसवी सन ८६८ चा आहे. तो वज्रच्छेदिका सूत्राचा चिनी अनुवाद आहे. चीनमधील तुनहुआंग येथील गुहेत तो सापडला आणि सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या अखेरीस छापवणाऱ्या वांग जिए नावाच्या उपासकाने आपले नाव, तारीख आणि हेतू दिला आहे. आपल्या आईवडिलांच्या वतीने, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी हा ग्रंथ करवून घेतला, असा त्याचा आशय. दात्याचे नाव, तारीख आणि मोकळीक या तीनही गोष्टी अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याने एका ठिकाणी लिहून ठेवल्या. आमच्या स्मरणिकेत यातले पहिले होते, तिसरे नव्हते.

आजच्या काळात हीच मोकळीक कायदेशीर भाषेत लिहून देण्याची सोय आहे. तिला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना म्हणतात. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ही संस्था काढली, आणि डिसेंबर २००२ मध्ये पहिले परवाने प्रसिद्ध केले. सध्याचा चौथा नमुना २०१३ चा आहे. यात कॉपीराईट सोडून द्यायचा नसतो, तो लेखकाकडेच राहतो. लेखक एवढेच जाहीर करतो की अमुक अटी पाळा आणि मला न विचारता घ्या. त्यासाठी फी नाही, अर्ज नाही, वकील नाही. लेखाखाली परवान्याचे नाव आणि त्याचा पत्ता लिहिला की झाले. चेकवर दोन तिरक्या रेघा मारल्या की रोख मिळत नाही, खात्यातच जमा होतो, हे जसे आपल्याकडचा प्रत्येक बँकवाला न सांगता समजतो, तशी या परवान्याची खूण कोणत्याही देशात समजते.

अटी एकूण चार आहेत आणि त्यांच्या जुळणीतून सहा परवाने होतात. पहिली अट श्रेयाची. ती सहाही परवान्यांत आहे. घेणाऱ्याने लेखकाचे नाव द्यावे, मूळ ठिकाण आणि परवाना सांगावा, आणि काही बदल केला असेल तर तसे लिहावे. आमच्या लेखाखाली ही एक ओळ असती तर त्या गृहस्थाने चोरी केलीच नसती असे आम्ही म्हणत नाही, पण त्याला जाब विचारताना आमच्या हातात कागद असता. दुसरी अट समान वाटणीची. आमच्या लेखावरून तुम्ही नवे काही केलेत तर तेही याच मोकळिकीने जगाला द्या, स्वतःच्या कुलपात ठेवू नका. तिसरी अट व्यापार नको अशी, आणि चौथी बदल नको अशी. यांपैकी कोणतीच अट नको असेल, तर हक्कच सोडून देण्याचा २००९ पासूनचा शून्य नावाचा वेगळा मार्ग आहे. ऑस्ट्रेलियातील भिक्खू सुजातो यांनी चार निकायांचे आपले इंग्रजी भाषांतर याच मार्गाने जगाला दिले आहे.

कार्यकारिणीत बहुतेकांचा कल व्यापार नको या अटीकडे होता. आपल्या माणसांच्या आठवणींवर कोणी पैसा का करावा? भावना रास्त आहे. पण आम्ही सभासदांना ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर बसणाऱ्या पुस्तकवाल्यांची आठवण करून दिली. गोणपाटावर पुस्तिका मांडून १० रुपयाला, २० रुपयाला विकणारा तो माणूसही कायद्याच्या दृष्टीने व्यापारच करतो. घराघरांत बाबासाहेब पोचवण्यात अशा विक्रेत्यांचा वाटा किती मोठा आहे हे आपण सर्व जाणतो. शासनाने १४ एप्रिल १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड काढले, ते कार्य थोरच. पण पुढे खंड मिळेनासे झाले, छपाई रखडली, आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. अशा वेळी वाचकाची भूक कोण भागवत होते? व्यापार नको ही अट घातली की मोठ्या कंपनीच्या आधी हा गोणपाटवाला अडतो. शिवाय मराठी विकिपीडियात तो मजकूर घेता येत नाही, कारण तिथला मजकूर श्रेय आणि समान वाटणी याच परवान्यावर चालतो. २०१३ साली गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोशाचे खंड याच परवान्यावर मोकळे केले, ते आम्हाला अनुकरणीय वाटते. मोठा प्रकाशक आलाच तर समान वाटणीची अट त्याला पुरेशी आहे. त्याने छापावे, विकावे, पण आपल्या मजकुरावर केलेले नवे काम त्यालाही मोकळेच ठेवावे लागेल.

बदल नको या अटीबद्दल मात्र आमचे मन अजून दुभंगलेले आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना भाषणातला काही भाग वगळण्याची विनंती केली होती. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण पुस्तकरूपाने छापले. लेखकाचा मजकूर म्हणजे काय हे शिकायचे तर याहून मोठा धडा नाही. पण त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की, १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या, गुजराती व तमिळ भाषांतरे झाली, आणि मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम चालू आहेत. कायद्याच्या हिशेबी भाषांतर हाही बदलच. बदल नको म्हटले की भाषांतर अडते, त्याला प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागते. मोडतोडीची भीती असेल तर कायद्याचे ५७ वे कलम आहेच. हक्क विकून टाकला तरी लेखकाचे नाव त्याचेच राहते, आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड त्याला किंवा त्याच्या वारसांना रोखता येते. कलम आहे हे खरे. कोर्टाची पायरी चढायला कोणाकडे पैसा आणि वेळ आहे, हा प्रश्न निराळा.

एक सावधगिरीची सूचना. हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. तुम्ही उद्या मजकूर इंटरनेटवरून काढलात तरी ज्याने तो आधीच घेतला त्याची मोकळीक कायम राहते. अट मोडणाऱ्याचा परवाना मात्र आपोआप संपतो. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत त्याने ती सुधारली तर तो पुन्हा मिळतो. तेव्हा घाईने सही करू नये. दुसऱ्याच्या कविता, वर्तमानपत्रांतली कात्रणे, स्टुडिओतले फोटो आपल्या लेखात असतील तर त्यांची मोकळीक आपण देऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अखेर कार्यकारिणीने ठरवले ते असे. जुन्या अंकांपैकी ज्यांच्या लेखकांचा किंवा वारसांचा पत्ता लागत नाही ते लेख तूर्त इंटरनेटवरून काढले. कागदी प्रती व स्कॅन विहाराच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत, तिथे येऊन कोणालाही वाचता येतात. बाकीच्यांसाठी अर्ध्या पानाचा मराठी फॉर्म तयार केला. त्यात वरील अटी साध्या शब्दांत लिहिल्या आहेत. पसंती लेखकाची, आमची शिफारस फक्त श्रेय आणि समान वाटणी या जोडीची. ज्याला काहीच मोकळीक द्यायची नसेल त्याच्यासाठीही रकाना आहे, आणि तो भरणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये असे सभेत ठरले. प्रस्तुत अंकातील प्रत्येक लेखाखाली त्या लेखकाने निवडलेला परवाना छापला आहे. या लेखाखाली आमचाही आहे.

आमचा पहिला फॉर्म घेऊन आम्ही त्या कन्येच्या घरी गेलो. वारस तिघे, म्हणून तिघांच्या सह्या लागणार होत्या. एक भाऊ पुण्याला, दुसरा भोपाळला, त्यामुळे कागद फिरून यायला दीड महिना गेला. त्यांनी आमची शिफारस मानली नाही. श्रेय आणि बदल नको, अशी खूण करून फॉर्म परत आला. आम्ही तसाच तो दाखल करून घेतला आणि लेख पुन्हा पूर्ण स्वरूपात, वडिलांच्या नावासह, योग्य त्या ओळीसह ठेवला. त्या अनोळखी गृहस्थालाही पत्र पाठवले, उत्तर आलेले नाही.

मध्यंतरी नागपूरच्या एका मंडळाने या लेखाच्या हिंदी भाषांतराची परवानगी मागितली. अटीप्रमाणे आम्ही त्यांना थेट तिच्याकडे पाठवले. तिने त्यांना कळवले की, भाषांतर जरूर करा, पण छापण्यापूर्वी मला वाचून दाखवा. गोठांना हिंदीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, म्हणून त्या परिच्छेदात गोठ हाच शब्द राहू द्या.